डाव्या पायाखालची टकटक

बार झाला तेव्हा मी वर कठड्याशी उभा होतो, आणि अक्का भिंतीच्या अगदी वरच्या पट्ट्यावर होती. मोटरसायकलवर, दोन्ही हात सोडून.

बार म्हणजे अगदी बंदुकीसारखा, पण निघाला तो गाडीच्या सायलेन्सरमधून. कठड्यावरून ओणवी झालेली माणसं एकदम मागे सरली, एक बाई किंचाळली. गाडीनं गचका खाल्ला आणि पुढचं चाक हातभर खाली घसरलं. अक्कानं हँडल पकडलं, गाडी सावरली, गोल गोल फिरवत अलगद खाली आणली आणि तळाशी उभी केली. लोकांना वाटलं, हा खेळाचाच भाग. त्यांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या. मला मात्र माहीत होतं, तो नव्हता.

ज्यांनी मौत का कुआ पाहिला नसेल त्यांना सांगतो. लाकडी फळ्या उभ्या जोडून केलेली ही गोल विहीर असते, जमिनीच्या वर बांधलेली. लोक बाहेरच्या जिन्यानं चढून वर जातात आणि कठड्याशी उभे राहून आत डोकावतात. आत मोटरसायकल आधी तळाला फिरते, मग तिरप्या फळ्यांवर चढते, आणि वेग आला की उभ्या भिंतीवर आडवी होऊन धावते. वेग आहे तोवर ती वर, वेग तुटला की खाली. त्यातलं शास्त्र एवढंच, आणि तेवढंच पुरे.

साल सांगत बसत नाही, पण तेव्हा माझ्या दाढीत एक पांढरा केस नव्हता. पुसेगावची जत्रा भरली होती. हवेत कडाक्याची थंडी, आणि केरबाशेठचा कुआ पाळण्यांच्या शेजारीच उभा होता. मी त्या कुआचा मिस्त्री. यासीन मिस्त्री, मिरजेचा. गाड्यांची देखभाल माझ्याकडे, आणि फळ्यांचीही. प्रत्येक खेळाआधी लाकडाची मोगरी घेऊन कुआला बाहेरून फेरी मारायची आणि सैल झालेल्या पाचरी ठोकून घट्ट करायच्या, हे माझं काम. मोगरी वर कठड्यालाच टांगलेली असायची.

पण मला खरा गर्व होता तो माझ्या कानांचा. गाडी नुसती ऐकून मी तिचं दुखणं सांगायचो. लोक मला हात लावू द्यायच्या आधी विचारायचे, "मिस्त्री, काय म्हणतीया गाडी?" आणि मी डोळे मिटून, मान वाकडी करून, मोठ्या वैद्यासारखा भाव आणून सांगायचो. बरोबरही निघायचं. त्यामुळे भाव जरा जास्तच चढला होता.

आणि अक्का. द्वारकाक्का. चाळिशी ओलांडलेली, अंगानं काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिला भिंत शिकवली तिच्या नवऱ्यानं. लोकांना वाटतं तो भिंतीवरून पडून गेला असणार. तो काविळीनं गेला, स्वतःच्या घरात, खाटेवर. त्याच्या मागे अक्का त्याच गाडीवर बसली आणि पुढच्या हंगामात कुआ तिच्या नावानं ओळखला जाऊ लागला. तिच्याइतकं स्वच्छ भिंतीवर चढताना मी कुणाला पाहिलं नाही. बाकीचे भिंतीशी झोंबतात. ती चढायची तेव्हा वाटायचं, बाई पाणी आणायला निघाली आहे.

चढण्याआधी तिची एक रीत होती. तशी ती सगळ्याच कुआवाल्यांची असते. तळाशी उभं राहून उजवा तळहात फळीला लावायचा, कपाळाला लावायचा, मग गाडीवर बसायचं. उतरल्यावर मात्र भिंतीकडे कुणी बघत नाही. उतरल्यावर सगळे वर बघतात, टाळ्यांकडे.

एक दोष तिच्यात होता, म्हणजे आम्हाला तसं वाटायचं. गेल्या वर्षभरात बाई आखडू झाली होती. हाक मारली तर वळायची नाही. पाठीमागून काही बोललं तर सरळ चालू लागायची. एकदा मी तक्रार केली तर म्हणाली, "माझ्याशी बोलायचं असंल तर समोर येऊन बोलायचं, यासीनभाऊ. पाठीमागनं बोललेलं मला खपत न्हाई." नाव झालं की माणूस बदलतो, असं म्हणून आम्ही सोडून दिलं.

त्या हंगामाला तिनं गाडीला नवे सायलेन्सर मागितले. गाडी जुनी, जड, एका सिलिंडरची. तिच्यावर आतली जाळी काढून टाकलेला एकच फाटका सायलेन्सर होता, त्याचा आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा यायचा. अक्का म्हणाली, "मला दोन बाजूंना दोन पायजेत. जाडजूड."

केरबाशेठ खूश. "आवाज मोठा म्हंजी गर्दी मोठी," म्हणाला. कोल्हापुरात एक कारागीर असे सायलेन्सर बनवून द्यायचा. आम्ही तिघं तिथं गेलो. त्यानं एकेक जोडी गाडीला लावून रेस देऊन दाखवली. मी डोळे मिटून, मान वाकडी करून ऐकत होतो. अक्कानं मात्र ऐकलंच नाही. ती चप्पल काढून फुटरेस्टवर पाय ठेवायची, टाकीवर पंजा टेकवायची आणि मान हलवायची. नाही. नाही. मग एका जोडीला म्हणाली, "हे." मला त्या जोडीचा आवाज जरा घोगरा वाटला होता, पण म्हटलं, बाईमाणसाची आवड.

आता एकाच्या जागी दोन मोकळे सायलेन्सर बसवले की गाडीचं पोट बिघडतं, हे कुठलाही मिस्त्री सांगेल. धूर लवकर निघून जातो, हवा जास्त ओढली जाते, आणि कार्बोरेटर जुन्याच हिशोबानं पेट्रोल देत राहतो. इंजिन उपाशी पडतं. पुसेगावात पहिल्याच दिवशी तसं झालं. अक्का अर्ध्या भिंतीपर्यंत गेली आणि गाडीनं पुढं दमच धरला नाही. खाली उतरल्यावर मी प्लग काढला. चुन्यासारखा पांढरा. मी हसलो. हे तर माझ्या डाव्या हाताचं काम. कार्बोरेटर उघडला, जेट मोठा घातला, सुई एक घर वर घेतली. गाडी उभी करून रेस दिली. काय आवाज! मी डोळे मिटले, मान वाकडी केली आणि केरबाशेठला सांगितलं, "शेठ, आता लगीन लावा."

दुसऱ्या दिवशी गाडी वरच्या पट्ट्यापर्यंत तीरासारखी गेली, आणि वर जाऊन तिनं तो बार काढला.

मी म्हटलं, अजून पेट्रोल कमी पडतंय. जेट आणखी मोठा केला. खाली गाडी लोण्यासारखी. वर बार आधीपेक्षा मोठा. पुन्हा वाढवला, तर आणखी मोठा. बार व्हायचा तो एकाच वेळी. हात सोडायच्या आधी अक्का रेस जराशी कमी करून हँडलवरच्या स्क्रूवर अडकवायची, त्याच्या पाठोपाठ, हात सुटता सुटता. म्हणजे नेमका जो क्षण सगळ्यात नाजूक, त्याच क्षणी गाडी गचका देणार.

मघाशी सांगितला तो बार भिंतीवरचा शेवटचा. त्याच्यानंतर केरबाशेठ जिना उतरून माझ्याकडे आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"यासीन, ही गाडी हाय का तोफ?"

"शेठ, उद्यापर्यंत—"

"उद्या रथाचा दिवस. उभ्या तालुक्याची गर्दी. उद्या सकाळपर्यंत गाडी सुधारली तर ठीक. न्हाई तर भिंत सर्जेरावाची. त्याला मी निरोप धाडलाय. आपली गाडी घेऊन येतोय."

"आणि अक्का?"

"अक्का तिकिटाच्या खिडकीत बसंल. कायमची." मग त्याचा आवाज उतरला. "तिच्या नवऱ्याला मी शब्द दिलाय. बाईला माझ्या डोळ्यांदेखत काय झालं तर मी कुठं तोंड दाखवू?"

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं.

अक्का समोरच उभी होती. शेठच्या तोंडाकडे एकटक बघत तिनं सगळं ऐकून घेतलं. शेठ गेल्यावर माझ्यापुढे येऊन बसली.

"यासीनभाऊ, खिडकीत मी न्हाई बसायची."

"अक्का, मी करतो काहीतरी."

"काहीतरी नगं. बरोबर कर. तू वरनं ऐकतोस. मी गाडीवर असते. मला इचारलंस का कधी, काय होतंय?"

खरंच विचारलं नव्हतं. माझे कान असताना कशाला कुणाला विचारायचं? मी म्हटलं, "सांग."

तिनं डोळे मिटले. माझ्यासारखे नाही, मी लोकांना दाखवायला मिटायचो. "अर्ध्या भिंतीपर्यंत काय न्हाई. वरच्या पट्ट्याला लागले की डाव्या पायाखाली टकटक होती. बारीक. कुणी खालनं बोटानं ठोकावं तशी. मग जरा येळानं सायलेन्सरचा ठोका फाटतो. आन् मी रेस सोडली की बार."

"टकटक? मला तर नाही ऐकू आली कधी."

"तुला कशी येईल? तुझा पाय हाय का तिथं?"

"खाली असताना होते का?"

"न्हाई. वरच. वर गेलं की सगळंच येगळं. मान उचलत न्हाई, गाल खाली वढला जातो. माझंच वजन मला पेलत न्हाई. गाडीबी खाली बसती."

मी उठून उभाच राहिलो. माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजाडलं. मी गाडी तपासत होतो ती जमिनीवर, स्टँडवर, रिकामी. आणि भिंतीवर वेगानं गाडी फळ्यांवर अशी दाबली जाते की तिचं वजन तिप्पट होतं. जी गाडी आजारी पडत होती ती मी पाहिलीच नव्हती. मी भलत्याच रोग्याची नाडी धरून बसलो होतो.

"अक्का, वजन पाहिजे," मी म्हणालो. "पुष्कळ वजन."

जत्रेत वजनाला काय तोटा! पलीकडे कुस्त्यांचं मैदान होतं. त्यातला हिंदुराव पैलवान रोज आमचा खेळ फुकटात बघायचा, अक्काचा मोठा भक्त. सकाळी कोवळ्या उन्हात तो तालमीतून अंगाला माती लावूनच आला, आणि येताना आपल्याहून आडवे दोघे जोडीदार घेऊन आला.

"मिस्त्री, कुणाला चीत करायचंय?"

"कुणाला नाही. तिघांनी गाडीवर बसायचं."

"तिघांनी? गाडीचं कंबरडं मोडंल की."

"मोडू दे. बस."

एकामागे एक असे ते तीन डोंगर त्या गाडीवर बसले. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगा करकरत खाली गेल्या. मी पालथा पडून गाडीच्या पोटाखाली पाहिलं आणि मला ते दिसलं. मागचं चाक वर सरकलं होतं, आणि त्याच्या ॲक्सलचा नट नव्या डाव्या सायलेन्सरच्या बुडाला जाऊन टेकला होता. नुसता टेकला नव्हता, त्यानं सायलेन्सर वर ढकलला होता. सायलेन्सरची शेपटी वर गेली की पुढं इंजिनाशी बेंडपाइपचा, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या नळीचा, जोड खाली उघडतो. तिथं नखभर फट पडली होती, आणि फटीभोवती काजळीचा काळा ओरखडा उठला होता. रिकाम्या गाडीवर फट मिटून जायची, आणि ओरखडा इंजिनाच्या पात्यांमागे लपलेला.

सगळा उलगडा झाला. फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती. मी शहाण्यानं वाढवलेलं पेट्रोल न जळता तापलेल्या नळीत उतरत होतं, आणि तिथं त्या हवेशी गाठ पडली की बार. मी औषध म्हणून जे पाजत होतो त्यानंच दुखणं वाढत होतं.

खात्री करायला हवी होती. "हलू नका," मी पैलवानांना ओरडलो आणि गाडी चालू केली. दाबून रेस दिली. आणखी दिली. मग एकदम सोडली.

असा बार झाला की पाळण्याच्या तंबूवरची कबुतरं उडाली. सगळ्यात मागचा पैलवान दचकून खाली पडला. समोर भेळवाल्याच्या हातातला डबा सुटला. दूर बांधलेलं एक घोडं उधळलं. हिंदुराव कानात बोटं घालून शिव्या देत होता.

आणि अक्का दहा पावलांवर आमच्याकडे पाठ करून बसली होती. चुलीपुढे. हातात चहानं काठोकाठ भरलेली बशी, ओठांशी नेलेली. तिनं शांतपणे घोट घेतला. एक थेंब सांडला नाही. खांदा हलला नाही. मान वळली नाही.

मी गाडी बंद केली. मग हळूच हाक मारली. "अक्का." मग मोठ्यानं मारली. मग ओरडून मारली. पैलवान माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना म्हटलं, "जा, तुमचं काम झालं. दुपारी खेळाला या."

मी फिरून तिच्या समोर गेलो. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे, अंगावरची धूळ झटकणाऱ्या पैलवानाकडे पाहिलं, सांडलेल्या भेळेकडे पाहिलं. बशी खाली ठेवली.

"झाला का बार?" तिनं विचारलं.

"कधीपासून, अक्का?"

मला वाटलं रडेल. ती रडली नाही, उलट जरा हसलीच.

"डावा कान आधी गेला. उजवा गेल्या उन्हाळ्यात. इतकी वर्सं त्या लाकडाच्या पिंपात फाटक्या नळीसंगं फिरले, जायचेच हुते. आमच्या मालकांचेबी काविळीआधी अर्धे गेलेच हुते."

"आणि कुणाला कळलं नाही?"

"जत्रंत कुणाला कुणाचं ऐकू येतंय, यासीनभाऊ? समदेच वरडत्यात. मी तोंडाकडं बघून वळखते. पाठीमागनं बोलणाऱ्याला आखडू वाटते. वाटू दे की."

"मग भिंतीवर? वेग कसा कळतो तुला?"

"पायानं. फळीचा सांधा चाकाखालनं जातो ना, त्याचा ठोका. आन् गाडीचा ठोका. दोन्ही जुळलं की मी बरोबर उंचीला हाय. जुन्या नळीचा ठोका लई बारीक. पायाला लागंनाच. म्हणून हे जाड घेतलं. ह्यांचा ठोका पार पोटरीत येतो." तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "गर्दीसाठी न्हवं घेतलं. माझ्यासाठी घेतलं."

मला कोल्हापूर आठवलं. काढलेली चप्पल, टाकीवरचा पंजा, आणि शेजारी मान वाकडी करून उभा असलेला मी.

"शेठला सांगणार हाईस?" तिनं विचारलं.

खरं सांगतो, मला भीती वाटली. आज काही झालं तर? ठार बहिरी बाई, उभी भिंत, सुटलेले हात. मी म्हटलं, "अक्का, शेठ खिडकी देतोच आहे. सुखाची जागा आहे."

"खिडकीत बसायला कान लागत्यात," ती म्हणाली. "किती तिकिटं, कुणी मागितली, कोण शिव्या देतंय. भिंतीवर न्हाई लागत. भिंतीवर मी कुणाहून कमी न्हाई. खिडकीत मी बहिरी हाय."

मी गाडीपाशी आलो आणि कामाला लागलो.

सायलेन्सर सोडवून मी त्याच्या पट्टीला वळण दिलं, नटापासून बाहेर काढला. जोडात नवं पॅकिंग घालून तो घट्ट आवळला. जेट मागं आणला, पहिल्यांदा बसवला होता त्याच नंबरला. हिंदुरावाला आणि त्याच्या डोंगरांना पुन्हा बोलावून बसवलं आणि नट कशाला टेकत नाही हे पाहिलं. त्यांना घालवून मग अक्काला बोलावलं. म्हणजे समोर जाऊन खुणावलं.

"चप्पल काढ," मी म्हटलं. "फुटरेस्टवर पाय ठेव आणि तिकडं तोंड कर. मी कार्बोरेटरचा स्क्रू फिरवतो. तुला लागेल ते हातानं सांग."

ही खरं म्हणजे तिची परीक्षा घेण्याची माझी युक्ती होती. ती चुकली तर शेठकडे जायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

मी स्क्रू फिरवला, तिनं हात वर केला, जास्त. मागं घेतला, हात खाली, कमी. मी अगदी केसभर फिरवायचो आणि तिचं बोट हलायचं. मुद्दाम न फिरवता नुसता हात ठेवून पाहिलं. तिचं बोट हललं नाही. मग मी माझ्या कानाला पटेल तिथं आणून थांबलो. सुरेल चाललं होतं. मी मनात म्हटलं, झालं.

अक्कानं पंजा हलवला. नाही.

मी समोर गेलो. "आता काय? बरोबर आहे की."

"एक ठोका गिळतीया."

"नाही गिळत. माझे कान आहेत, अक्का."

"तुझं कान असू देत. पंधराएक ठोक्यांत एक गिळतीया. बघ."

मी ऐकलं. डोळे मिटले, मान वाकडी केली, श्वास धरला. मला काही कळलं नाही. तरी वाकून पाहिलं. प्लगची टोपी एवढीशी सैल होती. दोन बोटांनी दाबली. टक करून बसली.

अक्कानं पाय तसाच ठेवून मान डोलावली. "हां. आता चालली."

त्या दिवसापासून मी कानांचा भाव मारणं बंद केलं. गाडी ऐकताना डोळे मिटायचं सोडलं. आणि मनात तिला जो नमस्कार केला तो आजवर उतरवलेला नाही.

शेठला मी एवढंच सांगितलं, "गाडी बरी झाली. जबाबदारी माझी." सर्जेराव आपली गाडी घेऊन आला होता, तो कठड्याशी माझ्या शेजारीच उभा राहिला. रथ निघून गेला होता आणि सगळी गर्दी मैदानात उतरली होती. जिन्यावर मुंगीला जागा नव्हती. हिंदुराव सगळ्यात पुढे कठडा धरून उभा होता. मी पाचरी ठोकून फेरी पूर्ण केली, मोगरी जागेवर टांगली.

अक्का तळाशी आली. केशरी फेटा, पांढरा सदरा. तळहात फळीला लावला, कपाळाला लावला. गाडीवर बसली.

तिरप्या फळ्या, मग भिंत, मग अर्धी भिंत. फळ्या खडखडायला लागल्या, कठडा हलू लागला. ती वरच्या पट्ट्याला लागली. केरबाशेठ माइक हातात घेऊन नुसता बघत होता. अक्कानं रेस कमी केली. स्क्रूवर अडकवली.

बार झाला नाही.

तिनं हात सोडले. दोन्ही बाजूंना पसरले. मग उजवा पाय उचलून एका बाजूला घेतला आणि झोपाळ्यावर बसावं तशी गाडीवर आडवी बसली. डावा पाय मात्र फुटरेस्टवरून हलला नाही. लोकांनी कठड्यावरून रुमाल धरले होते, ते एकेक करून ती उचलत गेली. माझ्यासमोरून गेली तेव्हा मला तिचा चेहरा दिसला. ती कुठंच बघत नव्हती. तिचं सगळं लक्ष पायाकडे होतं.

शेजारी सर्जेराव म्हणाला, "बाई ऐकतीया बग गाडीला. काय कान हाईत!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते धुराचं आहे असं मी त्याला सांगितलं.

ती उतरली. गाडी बंद केली. वर एकच कल्लोळ उठला. टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या. केरबाशेठला आता कंठ फुटला होता, "द्वारकाक्का! द्वारकाक्का!" माइक फुटेल असा ओरडत होता.

अक्का तळाशी एकटी उभी होती. मान वर करून बघत होती. उघडी तोंडं, हलणारे हात. वर्षभर ती हेच बघत आली होती. आयुष्यातला सगळ्यात मोठा खेळ तिनं केला होता आणि तिच्यापर्यंत त्यातलं काहीही पोचत नव्हतं. तिनं हात जोडले आणि दाराकडे वळली.

मला राहवलं नाही. मी टांगलेली मोगरी ओढली आणि फळीवर हाणली. पुन्हा हाणली. "टाळ्या नकोत!" मी हिंदुरावाला ओरडलो. "फळ्या वाजवा! पायानं, हातानं, वाजवा!"

पैलवानाला कारण लागत नाही. त्यानं तो दांडगा पंजा फळीवर आपटला. त्याचे जोडीदार सुरू झाले. मग शेजारचे, मग समोरचे. माणसं कठड्याला लाथा मारू लागली, मुठींनी फळ्या बडवू लागली. सगळा कुआ बुडापासून घुमायला लागला.

अक्का दारात थबकली. पायाखालची जमीन हादरताना तिला जाणवली असणार. फळ्या निखळल्या की काय या भीतीनं तिनं झटकन भिंतीला हात लावला.

आणि हात तसाच राहिला. तिनं वर पाहिलं. बडवणारे हात पाहिले. मग दुसराही तळहात तिनं फळीला लावला, आणि कपाळ टेकलं.

"थांबा! फळ्या निघतील!" केरबाशेठ माइकवरून बोंबलत होता. दम लागून लोक थांबले. कुआ शांत झाला.

भिंतीला कपाळ लावूनच अक्कानं एक हात मागे काढला, वर केला आणि बोटं हलवली. अजून.

मी पुन्हा मोगरी उचलली.